आई पायी पंढरपूरला पोहोचते आहे. तिला घरी कधी आणि कसं आणावं?

राम कृष्ण हरी. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आई ६१ वर्षांची. नाशिकरोडहून निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर पहिल्यांदाच पायी निघाली आणि आता कर्जतच्या पुढे गेली आहे. मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत, पाय सुजलेत असं फोनवर सांगते पण चालणं थांबवत नाही. तुम्ही दोघे भाऊ एकादशीच्या पहाटे गाडीनं पंढरपूरला पोहोचणार, तिला दर्शन घडवणार आणि त्याच रात्री नाशिकला घेऊन येणार. आई मात्र पौर्णिमेपर्यंत थांबायचं म्हणतेय. दर्शनाला किती तास लागतील आणि आईची समजूत कशी घालावी, हे तुम्ही विचारलंय.

याच पालखीतल्या एका दिंडीत मी बायकांची व्यवस्था बघते. नोकरी परिचारिकेची केली, त्यामुळे औषधांची पेटीही माझ्याकडेच असते. म्हणून स्पष्ट सांगते: आईची समजूत घालू नका. तिचं बरोबर आहे, बेत तुम्ही बदला.

निघताना घरचे सगळी तयारी करून देतात. रेनकोट, चपलांचे दोन जोड, गोळ्यांच्या पट्ट्या, चार्जर, सुकामेवा. त्र्यंबकेश्वरला प्रस्थानाला येतात, सातपूरपर्यंत किंवा पळशापर्यंत सोबत चालतात, दातलीच्या रिंगणाला पुन्हा भेटून जातात. शेवटाची तयारी मात्र कुणीच करत नाही. पंढरपूरला पोहोचली की झालं, आता फक्त घरी आणायचं, असा हिशोब असतो. दिंडीत आम्हाला वेगळंच दिसतं. वाटेवरची दुखणी वाटेवर निभावून जातात, कारण रोजचा क्रम ठरलेला असतो. माणसं कोलमडतात ती दशमीपासून पौर्णिमेपर्यंत, नाहीतर घरी आल्यावरच्या पहिल्या आठवड्यात.

असं का होतं ते बघा. आईचं शरीर तीन आठवडे एका ठेक्यात आहे. पहाटे तीनला उठायचं, अंघोळ, काकडा, चाल, न्याहारी, पुन्हा चाल, दुपारचा विसावा, संध्याकाळी मुक्काम, कीर्तन, झोप. तुमच्या बेतात याच शरीराला आदल्या रात्रीचं जागरण आहे, दिवसभर उपवास आहे, गर्दीत तासन् तास उभं राहणं आहे आणि लगेच पाय खाली सोडून सात-आठ तास गाडीत बसणं आहे. नाशिकला आल्यावर शेजारपाजारचे भेटायला येणार, म्हणजे पुन्हा झोप नाही. एवढं सगळं दीड दिवसात, तेही मधुमेह असलेल्या बाईच्या वाट्याला.

आपल्या नाशिककरांच्या डोक्यात ब्रह्मगिरीची फेरी असते. तिसऱ्या श्रावण सोमवारच्या आदल्या रात्री निघायचं, सकाळी कुशावर्तावर यायचं, बस पकडून घरी. दोन दिवस पोटऱ्या दुखल्या की संपलं. वारीला तो नियम लावू नका. फेरीत शरीर एका रात्रीपुरतं दमतं. वारीत ते आतून बदललेलं असतं, आणि परत रोजच्या वळणावर यायला त्याला दिवस द्यावे लागतात.

आता दर्शनाचं. किती तास लागतील याचा आकडा देता येत नाही. दशमीला रांग कुठपर्यंत गेली आहे, पाऊस आहे का, तुम्ही नक्की कधी उभे राहता, यावर ते ठरतं. आषाढीच्या काळात देवाचा पलंग काढलेला असतो, म्हणजे देव झोपत नाहीत आणि प्रक्षाळपूजेपर्यंत (यात्रा संपल्यावरची देवाची शुद्धीची पूजा) दर्शन रात्रंदिवस चालू राहतं. तरीही एकादशीच्या आसपास पदस्पर्शाची रांग गोपाळपूरच्या पत्राशेडच्याही पुढे जाते. रात्री उभं राहिलेलं माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी किंवा संध्याकाळी पायाशी पोहोचतं, हे मी अनेकदा पाहिलंय. मुखदर्शनाची रांग वेगळी असते आणि तुलनेनं लवकर सरकते, पण त्या दिवशी तीही तासांचीच.

आईसारख्या बाईला एकादशीला पदस्पर्शाच्या रांगेत उभं करू नये, हे माझं ठाम मत आहे. त्यासाठी वारकऱ्यांच्या परंपरेबाहेर जाऊन पळवाट शोधावी लागत नाही. आमच्या दिंडीतले जुने वारकरी एकादशीला चंद्रभागेचं स्नान करतात, पुंडलिकाला नमस्कार करतात, नगरप्रदक्षिणा घालतात, नामदेव पायरीवर डोकं टेकतात, समोर चोखोबांच्या समाधीचं दर्शन घेतात आणि कळसाला हात जोडतात. त्यांची वारी तिथे पुरी होते. त्यांतल्या कित्येकांनी आषाढीला पायावर डोकं ठेवलेलं नाही, आणि त्यांच्या तोंडून खंतीचा शब्द मी ऐकलेला नाही. पायाशी जायचंच असेल तर ते पौर्णिमेच्या काल्यानंतर (दहीलाह्यांचा प्रसाद, वारीची सांगता) गर्दी उतरल्यावर जातात, किंवा घरी जाऊन नंतर कधी सवडीनं येतात.

तरीही हे आईवर लादू नका. ‘आम्ही तुझ्यासाठी ठरवलंय’ म्हणालात की ती हट्टाला पेटेल, आणि त्यात तिचं काही चुकणार नाही. तिला विचारा: तुला पायावर डोकं ठेवायचंय का? एकादशीलाच ठेवायचंय की नंतर चालेल? काही बायकांनी नवस बोललेला असतो आणि तो घरी सांगितलेला नसतो. तसं असेल तर बेत तिच्या नवसाभोवती आखायचा. तिच्याबरोबर एकानं पूर्ण वेळ रांगेत राहायचं, आणि आधी तिच्या डॉक्टरांशी बोलून घ्यायचं.

डॉक्टरांना फोन दशमीच्या आधी करा, म्हणजे येत्या दोन-तीन दिवसांत. विचारायची मुख्य गोष्ट एकच: एकादशीच्या उपवासाला कोणती गोळी घ्यायची, कोणती निम्मी करायची, कोणती चुकवायची. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या पोट रिकामं असलं तरी साखर खाली ओढतात. इन्सुलिनचंही तसंच. नुसत्या मेटफॉर्मिननं साखर एकदम खाली जाण्याचा धोका फार कमी असतो. आई कोणत्या गोळ्या घेते मला माहीत नाही, म्हणून तिच्या डॉक्टरांचाच शब्द हवा. शिवाय तीन आठवड्यांच्या चालण्यानं तिची साखर निघतानापेक्षा खाली आलेली असू शकते, आणि गोळ्यांचं प्रमाण जुनंच असतं. पंढरपुरात चालणं थांबतं आणि साबुदाणा, भगर, केळी, राजगिऱ्याचे लाडू सुरू होतात, म्हणजे साखर वरही जाऊ शकते. दोन्ही बाजूंनी हेलकावे बसायचे हेच दिवस.

तिच्याजवळच्या बाईला एवढं सांगून ठेवा: घाम फुटला, हात थरथरले, बोलणं असंबद्ध झालं किंवा एरवी बोलकी बाई एकदम गप्प आणि चिडचिडी झाली, तर आधी तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून पाजायची, मग बाकीचं. आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना. साखर उपवासाला चालते, त्यामुळे आईनं ‘आज एकादशी आहे’ म्हणून नाही म्हणायचं कारण उरत नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण भर गर्दीत थरथरत असलेली बाई तोंड घट्ट मिटून बसते आणि सोबतच्या बायकाही उपवास मोडेल म्हणून थांबतात.

पायांची सूज ही दुसरी गोष्ट. एवढं चालल्यावर दोन्ही पायांना सारखी सूज येते. दुपारच्या विसाव्याला आणि रात्री पाय उशीवर किंवा वळकटीवर उंच ठेवले की ती बरीच उतरते. ती सकाळपर्यंत उतरत असेल तर मी फार काळजी करत नाही. एकच पाय जास्त सुजला, पोटरी दुखरी, गरम किंवा लालसर झाली, तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. तिथे चोळायचं नाही, तेल लावायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टर. दम लागणं, छातीत दुखणं, सुजेबरोबर ताप यांतलं काहीही असेल तरी तसंच.

मधुमेहात तळपायाची संवेदना कमी झालेली असू शकते आणि हे त्या बाईलाच माहीत नसतं. कंदरच्या मुक्कामी सिन्नर तालुक्यातल्या एका बाईंची चप्पल काढायला लावली होती. त्यांची काही तक्रार नव्हती. मोबाइलचा टॉर्च मारून पाहिलं तर करंगळी आणि शेजारच्या बोटाच्या मधली कातडी पूर्ण सोललेली, आत चिखल बसलेला, आणि टाचेत बाभळीच्या काट्याचं टोक. काटा कधी लागला ते त्यांना सांगता येईना. दोन मुक्काम त्या सामानाच्या ट्रकमध्ये बसून आल्या, रोज ड्रेसिंग केलं, आणि पंढरपुरात सगळ्यांच्या बरोबरीनं टाळ घेऊन उभ्या राहिल्या. वाटेत गाडीत बसलं तर वारी मोडते, असं आईच्या मनात असेल तर ते काढून टाका. आमच्याकडे कीर्तनकार महाराजही हेच सांगतात, आणि ट्रकमध्ये बसलेल्यांना कुणी कमी लेखत नाही.

याच पायांपायी आणखी एक सांगते. करकंबच्या पुढे सेवेचे तंबू खूप लागतात. गरम पाण्यात पाय शेकायला देतात, तेलानं मालिश करतात. माणसं अतिशय भावानं करतात, नको म्हणायला जीव होत नाही. पण ज्याच्या तळपायाला बधिरपणा आहे त्यानं गरम पाण्यात पाय घालू नये. भाजलेलं कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी मोठे फोड दिसतात. पाणी आधी दुसऱ्या कुणीतरी कोपर बुडवून बघावं, किंवा सरळ साध्या पाण्यानं पाय धुऊन कोरडे करावेत. फोड आला असेल तर वरची कातडी ओढून काढायची नाही, तीच त्याची पट्टी असते.

हीच काळजी चंद्रभागेत. स्नानाशिवाय वारी नाही हे मलाही मान्य आहे. आषाढात उजनी आणि वीर धरणांतून पाणी सोडलं की नदीला ओढ असते, वाळूत खड्डे असतात आणि वरून ते कळत नाहीत. काठावर बसून तांब्यानं स्नान करायचं, दोरीच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. पायाला उघडी जखम असेल तर पाय पाण्यात न घालता ओंजळभर पाणी डोक्यावर घ्यावं, तेही स्नानच.

बायकांची एक अडचण घरच्या पुरुषांना सुचतच नाही, म्हणून सांगावी लागते. शेवटच्या टप्प्यात गर्दी वाढते, आडोसा मिळत नाही, फिरती शौचालयं असतात पण त्यांनाही रांग असते. मग बायका पाणी पिणंच बंद करतात. लघवीची जळजळ, कंबरदुखी, चक्कर, थंडी वाजून ताप, हे सगळं तिथूनच सुरू होतं. मधुमेहात तर लवकर. आई ‘बरी आहे’ म्हणेल. पाणी किती पितेस आणि लघवी किती वेळा होते, असं थेट विचारा. मुलानं विचारायला संकोच वाटत असेल तर सुनेला विचारायला लावा. ती मोकळेपणानं सांगेल.

आता तुमच्या बेताकडे येते. एकादशीला पहाटे येऊच नका. त्या दिवशी खासगी गाड्या गावाबाहेरच अडवतात, तुम्ही लांबच्या वाहनतळावरून चालत येणार, आणि लाखोंच्या गर्दीत आईला शोधणार. फोन लागत नाहीत, लागले तर आवाज येत नाही, तिच्या फोनची बॅटरी तर बहुधा संपलेली असते. शिवाय नाशिक ते पंढरपूर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. रात्रभर गाडी चालवून यायचं, दिवसभर उभं राहायचं आणि पुन्हा रात्रभर गाडी हाकायची, याची मला आईच्या पायांपेक्षा जास्त धास्ती वाटते.

मी सुचवते ते असं. दशमीला आई दिंडीबरोबर पंढरपुरात येईल. त्या दिवशी वाखरीला प्रमुख संतांच्या पालख्या भेटतात आणि तिथून पुढची चाल ती आयुष्यभर सांगत राहील. त्यात मध्ये पडू नका. एकादशी तिला दिंडीबरोबरच करू द्या. दिंडीचा मुक्काम मठात आहे, कुणाच्या वाड्यात आहे की ६५ एकरातल्या (वारकऱ्यांच्या तळाचं मैदान) तंबूत, ते दिंडीचालकांकडून आत्ताच विचारून घ्या. तो पत्ता, दिंडीचा क्रमांक आणि तुमचे दोघांचे फोन नंबर एका कागदावर लिहून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तिच्या पोलक्याला पिनेनं लावायला सांगा. पिशवी हरवते, फोन पडतो, पोलकं अंगावर राहतं. चुकामूक झाली तर कुठे थांबायचं तेही ठरवा, आणि ती जागा मुक्कामाचीच असू द्या. ‘नामदेव पायरीजवळ भेटू’ म्हणणारे तिथे हमखास भेटत नाहीत.

तुम्ही त्रयोदशीला किंवा चतुर्दशीला निवांत या. दोघांपैकी एकजण आलात तरी चालेल, पण मग तो रात्री झोपलेला हवा. द्वादशीला पारणं झालेलं असेल आणि आईनं दोन रात्री पाठ टेकलेली असेल. तिच्याबरोबर एक दिवस राहा. ती तुम्हाला चंद्रभागेचं वाळवंट दाखवेल, फडावरचं कीर्तन ऐकवेल, ज्यांच्याबरोबर तीन आठवडे चालली त्या बायकांशी ओळख करून देईल. पौर्णिमेला गोपाळपूरचा काला घ्या आणि त्यानंतर निघा. ती पौर्णिमेपर्यंत थांबायचं म्हणते ते या काल्यासाठी. काला झाला की पालख्या परत फिरतात. एकादशीलाच उठून आलेल्या बायकांना आपण मधूनच निघालो असं पुढे कितीतरी दिवस वाटत राहतं, हे त्यांच्याच तोंडून ऐकलंय.

रजा मिळत नसेल, तुम्हाला येणं शक्यच नसेल, तर तिला दिंडीच्या बायकांबरोबर एसटीनं येऊ द्या. यात्रेसाठी जादा गाड्या सोडतात, बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि सोबत असते. माझ्या मते ते घाईघाईच्या कारपेक्षा बरं.

परतीचा प्रवास दिवसा करा. मागच्या सीटवर तिला एकटीला जागा द्या, पाय आडवे करता आले पाहिजेत. टेंभुर्णी, करमाळा, नगर असं करत दर दीड-दोन तासांनी उतरवून पाच-दहा मिनिटं चालवा. पाणी पिऊ द्या. बाहेरचं तेलकट नको. वाटेत जुलाब झाले तर ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात (मोठं पाकीट असेल तर लिटरभर) पूर्ण घालायचं, थोडं थोडं नाही.

घरी आल्यावर मावंदं (यात्रेहून परतल्यावरचं जेवण) लगेच घालू नका. आठ दिवसांनी घाला, लोक रागावत नाहीत. वारीहून आलेल्याच्या पाया पडायला सगळे येतात, पाय धुतात, तेव्हा जखम झाकलेली असू द्या. पहिल्या दोन दिवसांत साखर तपासा आणि गोळ्यांचं प्रमाण डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्या, कारण रोजचं पंधरा-वीस किलोमीटर चालणं आता नाही. चालणं एकदम बंदही करू नका. पायांना जखम नसेल तर सकाळी अर्धा तास सावकाश चालू द्या, पाय जड पडत नाहीत. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ‘व्हायरल असेल’ असं आपणहून सांगू नका. ती पावसाचिखलातून, साचलेल्या पाण्यातून, पायाला जखमा असताना चालून आली आहे, हे सांगा. लेप्टो (दूषित पाण्यातून होणारा ताप), डेंग्यू, मलेरिया यांचा विचार त्यांनी करावा म्हणून हे कळायलाच हवं.

मनाचंही सांगते. घरी आल्यावर ती पहाटे तीनला उठून बसेल. टाळमृदंगाचा आवाज नाही, बोलायला कुणी नाही. काही बायका पंधरा दिवस गप्प असतात, काही उगाच रडतात, काही स्वयंपाकघरात शिरायलाच तयार नसतात. सुनेवर राग नसतो तो. चालताना रोज शेकडो माणसं तिला माउली म्हणत होती, तिचं सामान कुणी उचलत होतं, ताटात कुणी वाढत होतं, आणि घरी पाऊल टाकताच ती पुन्हा सगळ्यांचं करणारी झाली. तिला बोलू द्या. त्याच त्याच गोष्टी ऐकाव्या लागतील, ऐका. दिंडीतल्या बायकांशी फोनवर बोलत असेल तर बोलू द्या, एखाद्या एकादशीला पंचवटीत किंवा तुमच्या भागात भजन असेल तर सोडून या. पालखी परतून त्र्यंबकेश्वरला येईल तेव्हा तिचे पाय बरे असतील तर तिकडेही न्या, तिच्या ओळखीचे चेहरे तिथे भेटतील. महिना उलटूनही जेवण नीट होत नसेल, झोप येत नसेल, तर मात्र वारीचं म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

आज रात्री मुक्कामावर फोन लागला की एवढं करा. शेजारच्या बाईकडे फोन द्यायला सांगा, आणि तिला आईच्या दोन्ही पायांच्या बोटांमध्ये टॉर्च मारून बघायला सांगा. काही दिसलं तर दिंडीचालकांना आजच कळवा, आणि उद्याचा टप्पा तिला गाडीतून येऊ द्या. मग गोळ्यांची नावं लिहून घ्या आणि सकाळी डॉक्टरांना विचारा. उत्तर आलं की इथे लिहा, एकादशीच्या दिवसाचं खाण्याचं आणि गोळ्यांचं वेळापत्रक आपण मिळून बसवू.